बेल्मिरोचा हिरवा कागद

विचाराच्या दिवशी काल्देरांच्या घरात विचार सोडून बाकी सगळं चालू होतं. मतदानाच्या आदल्या शनिवारी भाषणं बंद, भोंगे बंद, पत्रकं बंद. माणसांनी घरी बसून शांतपणे काय ते ठरवावं म्हणून कायद्याने दिलेला हा दिवस. फिलोमेनाने तो भट्टीपुढे काढला. बदकाचा भात, पालेभाजीचं सार, वाइनमध्ये मुरवलेली नासपती. अंगावर प्रचाराचा एप्रन, त्यावर नणंदेचा हसरा चेहरा छापलेला, म्हणून उलटा करून बांधलेला.

"आज तुझा चेहरा दाखवला तर दंड व्हायचा," ती देओलिंदाला म्हणाली. "पोटाशी धरून बसलेय बघ तुला."

देओलिंदा हसली, पण खुर्चीतून उठली नाही. महिनाभर ती पेनाल्वा शहरातला एकेक जिना चढली होती. पाय सुजले होते. बासष्टाव्या वर्षी माणसाने निवृत्त होऊन झाडांना पाणी घालावं, तर ही दारोदार फिरून गालांचे मुके घेत होती. दार उघडणाऱ्यांतले निम्मे तिचे शाळेतले विद्यार्थी. अजूनही तिला "बाई"च म्हणायचे आणि दार उघडण्याआधी शर्टाची बटणं लावायचे.

टेबलाच्या टोकाला तिचे वडील, बेल्मिरो. जन्मभर नदीकाठच्या रस्त्यावर न्हाव्याचं दुकान चालवलं. काचबिंदूने डोळे गेले, दुकान गेलं, कान तेवढे राहिले. त्यांच्या उजवीकडे मुलगा आन्सेल्मो, बारा वर्षं या शहराचा महापौर. तीन वेळा झाल्यावर चौथ्यांदा लागोपाठ उभं राहता येत नाही, म्हणून यंदा तो फक्त शहराच्या सभागृहाला उभा होता आणि महापालिकेच्या यादीत त्याने थोरल्या बहिणीचं नाव पहिलं घातलं होतं. दुसरं नाव त्याच्या मुलाचं, दुआर्तचं. तो टेबलाखाली फोन बघत होता आणि आपलं कोणाला कळत नाहीये असं समजत होता.

जेवताना निवडणुकीबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे नदीचं पाणी, पाद्रीबाबांची गुडघेदुखी आणि बटाट्याचा भाव यांवर सगळे जीव तोडून बोलले. मग बेल्मिरोंनी लेकीला विचारलं, "डोंगरातल्या घरी गेली होतीस का? बिहीला फळं धरली असतील."

"धरली आणि पडलीसुद्धा, बाबा. जायला झालंच नाही. अर्धी खाली कुजतायत, शेजारी सांगत होता."

ती बिहीची झाडं तिच्या नवऱ्याने लावली होती. तो गेल्यापासून ती दर ऑक्टोबरात एकटी जाऊन त्या तुरट पिवळ्या फळांच्या घट्ट वड्या करायची आणि शहरभर वाटायची. यंदा पहिल्यांदाच चुकलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," फिलोमेना भात वाढत म्हणाली. "जानेवारीपासून तू मोकळीच आहेस. मग बस झाडाखाली हवं तेवढं."

चमचे थांबले. आन्सेल्मोने बायकोकडे असं पाहिलं, की एरवी दुसरी कोणी असती तर हातातलं भांडं पडलं असतं.

"जानेवारीपासून?" बेल्मिरो म्हणाले. "उद्या निवडून येणार, महिनाअखेर शपथ, आणि जानेवारीत मोकळी? बेडरूम बदलतात लोक यापेक्षा सावकाश."

"बाबा, आज नको हा विषय. विचाराचा दिवस आहे," आन्सेल्मो म्हणाला.

"मग मला विचार करू दे की. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

दुआर्तनेच तोंड उघडलं. वयाने चौतिशीचा, बूट नेहमी नवे, मनाने वाईट नव्हे. पण चार वर्षांपूर्वी साध्या वॉर्डात पडला होता आणि ते अजून त्याच्या चालण्यात दिसायचं. "आजोबा, यात लपवण्यासारखं काही नाही. ज्या यादीला जास्त मतं, तिचं पहिलं नाव महापौर. आत्या जिंकणार. पुढे तब्येतीमुळे तिला झेपलं नाही, तर दुसरं नाव आपोआप वर येतं. कायद्यात बसतं."

"तब्येतीला काय झालंय तिच्या?"

"काही नाही," देओलिंदा म्हणाली. "दमलेय."

"म्हणजे लोकांनी मत द्यायचं बाईंना, आणि खुर्चीत बसणार हा बाब्या."

"बाबा!" आन्सेल्मोने नॅपकिन टाकला. "एकदा त्याला काम करायला मिळालं की लोकांना कळेल तो कसा आहे."

"कळलंय की. म्हणून तर ताईला पुढे केलंस."

"कायद्यात बसतं म्हणून सांगितलं ना त्याने."

"माझ्या खुर्चीत पण बरंच काही बसायचं," म्हातारा म्हणाला. "एक इन्स्पेक्टर यायचा. जुन्या राजवटीतला, माणसं उचलून नेणारा. दर शनिवारी गळा वर करून डोळे मिटायचा. हातात वस्तरा, तरी मी कधी कापलं नाही. का? तर मला विश्वासाने मान दिली होती. आता मला सांग, देओलिंदा. ही कोणाची अक्कल?"

सगळ्यांना वाटलं ती भावाकडे बोट दाखवेल. आन्सेल्मोलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"माझी," देओलिंदा म्हणाली. "तो मागेच लागला होता. मी म्हटलं, नाव घे, पण जानेवारीला सोड मला. माझीच अट आहे, बाबा. मला ती खुर्ची नकोय. मला घरी जायचंय."

बेल्मिरोंनी बराच वेळ ताटात काटा फिरवला. बदक कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हतं, आणि सांगायला कोणी धजलं नाही.

"उद्या मला मत द्यायला तू ने," शेवटी ते म्हणाले.

डोळे गेल्यापासून हा मान आन्सेल्मोचा होता. आंधळ्या माणसाला आपल्या पसंतीचा एक सोबती आत नेता येतो. सोबत्याने मतदार सांगेल त्या जागी फुली मारायची आणि बाहेर येऊन कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. महापौर दर निवडणुकीला बापाचा हात धरून शाळेत शिरायचा, फोटो निघायचे. आन्सेल्मो उठला आणि गच्चीत सिगारेट ओढायला गेला. सिगारेट त्याने सोडून सहा वर्षं झाली होती.

*

ताटं धुताना देओलिंदाने फडकं हातात घेतलं आणि दार लोटलं.

"वहिनी, जानेवारीचं चुकून गेलं तुझ्या तोंडून?"

फिलोमेनाने नळ मोठा केला. "बारा वर्षं महापौराची बायको आहे मी. माझ्या तोंडून चुकून काही जात नाही."

"मग?"

"मग काय." तिने पातेलं घासायला घेतलं, घासलेलंच पुन्हा घासलं. "दर रविवारी कुणाच्या तरी गटाराचं भूमिपूजन. रात्री जेवताना फोन. माझ्या वाढदिवसाला तो अग्निशमन दलाच्या जेवणाला, लेकीच्या बाळंतपणाला पुराच्या पाहणीला. घरी येतो तो झोपायला. आता मुलाचं पण तसंच बघायचं? माझा दुआर्त पडलेला परवडला मला, देओलिंदा. निदान जेवायला घरी तरी येईल."

"आणि मी? मी गेले तरी चालेल खुर्चीत?"

फिलोमेनाने नळ बंद केला. तिने नणंदेचा विचार केलाच नव्हता, हे खरं होतं. ती तिची मैत्रीण होती, तरीही केला नव्हता.

"तुझे पाय फार सुजलेत," ती म्हणाली. "मीठ घालून गरम पाण्यात बुडव."

*

रविवारी बेल्मिरोंनी सूट घातला. सगळ्या निवडणुकांना तोच. हुकूमशाही संपल्यावर, तिशी उलटलेली असताना, त्यांना आयुष्यातलं पहिलं खरं मत देता आलं होतं, आणि त्या दिवशी रांग दुकानापासून पुलापर्यंत गेली होती. रांगेतल्या माणसांच्या त्यांनी फुकट दाढ्या केल्या, उभ्याउभ्या. एरवी एक कवडीही न सोडणारा माणूस. ही गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकून झाली होती, की देओलिंदाला वाटलं आज रस्त्यात पुन्हा ऐकायला लागणार. पण ते गप्पच होते.

मतदान तिच्याच शाळेत होतं. तिच्याच वर्गात, फळ्यावर कुणीतरी सात गुणिले आठ चुकीचं लिहून ठेवलेलं. मेजामागे मुख्य म्हणून बसलेली इव्होन, पंचवीस वर्षांपूर्वीची सगळ्यात बडबडी मुलगी. बाईंना पाहून उभी राहिली आणि मग आपण कोण आहोत हे आठवून बसली.

"वडिलांबरोबर आत मी जाणार आहे," देओलिंदा म्हणाली.

कोपऱ्यात विरोधी यादीचा माणूस बसला होता. तो चुळबुळला. "उमेदवार स्वतःच? फुली मारणार ती? हे बरं आहे. याची नोंद घ्या."

इव्होनने नियम उघडून पाहिले, शेजारच्याशी कुजबुज केली. "मतदाराने निवडलेला कोणताही मतदार, असं आहे. उमेदवार नको असं कुठे लिहिलेलं नाही."

"अरे सोन्या," बेल्मिरो आवाजाच्या दिशेने म्हणाले, "तू लिनू गवंड्याचा मुलगा ना? तुझ्या बापाची दाढी मी वीस वर्षं केली. डोळे माझे गेलेत. कोणाचे उसने घ्यायचे ते मला ठरवू दे."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं कसेबसे मावले. तीन कागद: पांढरा वॉर्डाचा, पिवळा सभागृहाचा, हिरवा महापालिकेचा. टेबलाला दोरीने बांधलेलं पेन. फुली मारताना लाकडावर टकटक वाजायचं.

"पांढऱ्यावर तो बेकरीवाला," बेल्मिरो तिच्या कानाशी म्हणाले. "पाव वाईट करतो, पण रस्ते झाडून घेतो."

तिने फुली मारली.

"पिवळ्यावर आन्सेल्मो. मुलगा आहे, काय करणार."

तिने फुली मारली. हिरवा कागद पुढे ओढला.

"आता ऐक. तू चारही वर्षं त्या खुर्चीत बसणार असशील, तर तुझ्या नावासमोर मार. नसशील, तर कोरा ठेव. घडी घाल आणि माझ्या हातात दे. मला काही सांगू नकोस."

"बाबा, हे काय आता?"

"मत माझं आहे ना? मग मी म्हणतो तसं लिहायचं. तसा नियम आहे."

कागदावर वरून दुसरं तिचं नाव होतं. आपल्या नावापुढचा रिकामा चौकोन पाहताना तिला आश्चर्य वाटलं, की तो इतका लहान आहे. फुली मारली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं, आणि जानेवारी आला की पुढचं पुढे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आंधळ्या माणसाला खोटं सांगायला किती हिंमत लागते? तिने पेन उचललं. बिहीची झाडं आठवली. डोंगरातल्या स्वयंपाकघराची खिडकी, सकाळी तिच्यातून येणारा धुराचा वास, कोणी "बाई" अशी हाक न मारण्याची ती शांतता. तिला ते सगळं हवं होतं.

तिने पेन खाली ठेवलं. कोऱ्या कागदाची चार पदरी घडी केली आणि बापाच्या हातात दिली.

बेल्मिरोंनी तिन्ही कागद स्वतःच्या हातांनी पेटीत टाकले, चाचपडत. इव्होन मोठ्याने म्हणाली, "मतदान झालं."

मग देओलिंदाने स्वतःचं मत दिलं. स्वतःच्या हिरव्या कागदावर तिने सवयीने, मान वर न करता, स्वतःलाच फुली मारली. बाहेर आल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि तिला लाज वाटली.

*

संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत आन्सेल्मो भिंतीला टेकून उभा होता. एकेका वॉर्डाचे आकडे येत होते. कधी इकडे, कधी तिकडे. बारा वर्षं याच भिंतीसमोर त्याला खांद्यावर घेतलेलं होतं. आज मुलं त्याला वळसा घालून दुआर्तकडे जात होती, आणि दुआर्त सगळ्यांना "अजून थांबा, अजून थांबा" म्हणत होता, पण हसू लपत नव्हतं.

शेवटचे आकडे नदीकाठचे, जुन्या दुकानाच्या आसपासचे. तिथे बाई निघून गेल्या पुढे. आरडाओरडा झाला. कुणीतरी अ‍ॅकॉर्डियन काढलं.

आन्सेल्मोने बहिणीला मिठी मारली. ती त्याच्या खांद्यावर एखाद्या पोत्यासारखी टेकली.

"जिंकलीस, ताई."

"तू जिंकलास."

"काय मागितलं बाबांनी आत?" त्याला विचारायचं नव्हतं, पण दिवसभर तेच मनात घोळत होतं. "मला नाही का मारली फुली?"

"गुप्त असतं ते, आन्सेल्मो."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच तर गुप्त आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला राहवलं नाही. "तुझ्यावर काही राग नाहीये त्यांचा. एवढंच सांगते."

त्याला इतकं पुरलं. साठीच्या माणसाला इतकं पुरावं याचं त्याला वाईटही वाटलं. आपण उद्यापासून सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न त्याने त्या गर्दीत पहिल्यांदा स्वतःला विचारला.

*

सोमवारी सकाळी देओलिंदा ताजा पाव घेऊन वडिलांकडे गेली. ते दुकानाच्या वरच्या खोलीत अजून राहत होते. आरशासमोर उभे होते, सवयीने, आणि वस्तऱ्याने दाढी करत होते. डाव्या हाताची बोटं आधी गालावर फिरायची, मागून पातं.

"अभिनंदन, महापौरबाई."

"कॉफी झाली का तुमची?"

"पेन वाजलं नाही काल," ते म्हणाले. "पांढऱ्याला वाजलं. पिवळ्याला वाजलं. हिरव्याला उचललंस, थांबलीस, आणि ठेवून दिलंस."

"बाबा, ते गुप्त असतं."

"तू गुप्त ठेवायचंस. मी माझ्याच मताबद्दल बोलतोय." पातं गळ्यापाशी आलं, ते थांबले, मग पुढे गेलं. "जन्मात पहिल्यांदा कोरा कागद टाकला. रात्री झोप नाही लागली. पण बरं वाटलं. खोटं बोलली नाहीस."

तिला वाटलं, चला, संपलं. तिने पाव कापायला घेतला. माफी मिळाली आणि जानेवारीसुद्धा मिळाला, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"खालची ओलीव्हिया आली होती सकाळी," बेल्मिरो म्हणाले. "रडत होती आनंदाने. म्हणे, माझा थोरला अक्षराला घाबरायचा, बाईंनी मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं. गुडघे धरत धरत शाळेत गेली काल, तुझ्यासाठी."

"माहितेय. भेटली मला जिन्यात."

"मला तू खरं सांगितलंस, पोरी. मी तुझा बाप, मला विचारायला मिळालं. तिला कोणी विचारू दिलं?"

देओलिंदाने सुरी खाली ठेवली. रागच आला तिला, फार राग आला. काल तिने सगळ्यात अवघड गोष्ट केली होती, आणि तीही पुरेशी नव्हती. पण ओलीव्हियाचे जिना चढतानाचे गुडघे तिला माहीत होते. एकेका पायरीला ती बाई मेरीमातेचं नाव घ्यायची.

फोन वाजला. आन्सेल्मो होता, आवाज बसलेला.

"ताई, डॉक्टरांशी बोललोय. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर्टिफिकेट देतील, रक्तदाबाचं. दुआर्त म्हणतो, त्याआधी एकदोन कार्यक्रमांना त्याला बरोबर घे, म्हणजे लोकांना सवय—"

"जानेवारीत नाही, आन्सेल्मो."

"मग फेब्रुवारी? चालेल. ईस्टरच्या आत झालं म्हणजे—"

"चार वर्षांनी."

आन्सेल्मोचा बसलेला आवाज चढला. "तूच म्हणालीस जानेवारी! मी कधी म्हटलं होतं? तुझीच अट होती!"

"माझीच होती."

"मग काय झालं आता? बाबांनी सांगितलं का? काय झालं त्या आत?"

"काही झालं नाही. दुआर्तला सांग, उद्यापासून बसचे मार्ग पाठ करायला लाग. सगळ्या बसमधून फिर. पुढच्या वेळी स्वतःच्या नावावर उभा राहा, मी जिने चढेन तुझ्यासाठी." ती थांबली. "आणि फिलोमेनाला सांग, आज जेवायला तुम्ही बापलेक घरीच आहात."

तिने फोन ठेवला, बूट काढले आणि बापाच्या पलंगाच्या कडेवर बसून रडली. दुःखाने नाही, निव्वळ थकव्याने. लहान पोर झोप येऊनही झोपायला मिळत नाही म्हणून रडतं, तशी. बेल्मिरोंनी तिला रडू दिलं. मग तोंड पुसून हनुवटी तिच्याकडे केली.

"बघ, काही राहिलंय का."

"कानाखाली राहिलंय थोडं."

"कर मग."

तिने वस्तरा घेतला. त्यांनी मान वर केली आणि मिटलेले डोळे मिटलेलेच ठेवले. तिने सावकाश तेवढी जागा साफ केली.

"बिहीचं काय?" त्यांनी विचारलं.

"पडू देत."

"चार वर्षांनी मला न्यायला तूच ये," बेल्मिरो म्हणाले. "सूट घालून तयार असेन. तेव्हा अट घालणार नाही."